पार्श्वभूमी : चिकन अँड डम्पलिंग्ज, लाटलेली की सोडलेली?

'डम्पलिंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोमो येतो, नाहीतर उकडीचा मोदक. अमेरिकेच्या दक्षिणेत रविवारी दुपारी घरोघरी होणाऱ्या 'चिकन अँड डम्पलिंग्ज' या जेवणात सारण नसतंच. मैद्याचे तुकडे कोंबडीच्या रश्श्यात शिजतात, एवढंच. आपल्याकडची चकोल्या-वरणफळं याच जातीची, फक्त वरणाच्या जागी रस्सा.

खुद्द दक्षिणेतही या शब्दावर एकमत नाही. एका पद्धतीत घट्ट पीठ मळून पातळ लाटतात, पट्ट्या कापतात आणि उकळत्या रश्श्यात एकेक करून टाकतात. ॲपलाचियाच्या डोंगराळ भागात यांना 'स्लिक्स' म्हणतात, म्हणजे गुळगुळीत. दुसऱ्या पद्धतीत सैलसर पीठ चमच्याने रश्श्यावर सोडतात आणि झाकण लावतात. खालची बाजू रश्श्यात शिजते, वरची वाफेवर फुगते. दोन्ही घरांत नाव एकच. उलट नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात लाटलेल्या पट्ट्यांना डम्पलिंग म्हणतच नाहीत, तिथे ती 'चिकन पेस्ट्री'. उत्तरेला पेनसिल्व्हेनियात जर्मन वंशाचे लोक जवळजवळ हाच पदार्थ 'बॉट बोई' म्हणून करतात. हा 'पॉट पाय'चाच त्यांच्या बोलीतला उच्चार. 'पाय' (pie) म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ, पण बॉट बोईत ते कवच औषधालाही नसतं. त्यामुळे 'मूळची कृती' शोधायला निघालेला माणूस नावांतच अडकतो.

माझं मत लाटलेल्यांच्या बाजूने आहे. लाटताना लावलेलं कोरडं पीठ पट्ट्यांबरोबर पातेल्यात उतरतं आणि रस्सा आपोआप दाट होतो, वेगळं काही लावावं लागत नाही. सोडलेली डम्पलिंग्ज आज होतात तशी, पंधरा-वीस मिनिटांत फुगणारी, हे बेकिंग पावडरचं देणं आहे, आणि ती घरोघरी पोचली १९व्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांकडे उकडलेले पिठाचे गोळे होतेच. पण ते जड, चरबीचे किंवा यीस्टचे.

हा पदार्थ १९३०च्या दशकातल्या महामंदीत जन्मला, असं वारंवार लिहिलं जातं. ते पटत नाही. व्हर्जिनियातल्या १८७९च्या एका पाककृतीसंग्रहात डम्पलिंग्ज आहेत. मंदीने एवढंच केलं की एका कोंबडीत मोठं कुटुंब जेववण्याची ही युक्ती गरजेची झाली. त्याच्याही मागे गेलं तर गुलामगिरीच्या काळातल्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणी दिसतात. मालकांच्या चुली त्यांच्याच हातात होत्या आणि स्वतःच्या झोपड्यांभोवती कोंबड्याही बहुधा त्याच पाळत. या जेवणाचं श्रेय सर्वांत आधी ज्यांना द्यायला हवं, त्यांतल्या बहुतेकींची नावं कुठेच नोंदलेली नाहीत.

खरा बदल कोंबडीत झाला. पूर्वी पातेल्यात जायची ती अंडी द्यायची थांबलेली म्हातारी कोंबडी. तिचं मांस चिवट, म्हणून दोन-तीन तास मंद आचेवर ठेवावी लागे, आणि तेवढ्या वेळात हाडा-कातड्यातला चिकटपणा पाण्यात उतरे. १९२३च्या सुमारास डेलावेअरमध्ये निव्वळ मांसासाठी कोंबड्या वाढवण्याचा धंदा उभा राहू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर जास्त मांसल जाती निवडण्यासाठी देशपातळीवर स्पर्धा झाली, तिची अंतिम फेरी १९४८ची. आजचा ब्रॉयलर साधारण सहा-सात आठवड्यांचा असतो. तो तासाभरात शिजतो आणि रस्सा फिका राहतो.

मग ती उणीव डब्यांनी भरली. कोंबडीचं तयार पाणी आलं, घट्ट क्रीम सूप आलं. १९३१मध्ये केंटकीतल्या एका बेकरने थंड ठेवायच्या तयार बिस्किट-पिठाचं पेटंट घेतलं होतं (अमेरिकेतलं 'बिस्किट' म्हणजे आपलं कुरकुरीत बिस्किट नव्हे, तर मऊ, फुगलेला छोटा पाव). पुढे त्याच बिस्किटांचे तुकडे करून रश्श्यात टाकणं रूढ झालं. गोठवलेल्या लाटीव पट्ट्याही आता दुकानात मिळतात. नोकरी करून आलेल्या बाईने त्या वापरल्या तर तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण घरी एकदा जुन्या चवीच्या जवळ जायचं असेल तर पट्ट्यांपेक्षा आधी कोंबडीचा विचार करा. म्हातारी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर ब्रॉयलरच्या मांड्यांबरोबर पंख आणि पाय घाला, मांस शिजलं की काढून घ्या आणि हाडं परत पातेल्यात टाकून आणखी दोन तास उकळू द्या.