कॅव्हानसाइट की पेंटागोनाइट? वाघोलीचे निळे स्फटिक नोंदवहीत चढवताना

पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून दोन निळी खनिजं निघाली आणि संग्रहांच्या नोंदवह्यांत ती सहज एकमेकांच्या नावावर चढतात. त्याला कारणही आहे. दोन्हींत कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी अगदी त्याच प्रमाणात असतं. रंग तोच, काठिण्यही मोह्स मापनावर ३ ते ४ च्या आसपास. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत: कॅव्हानसाइटमधले सिलिकेटचे थर चार आणि आठ घटकांच्या कड्यांचे, पेंटागोनाइटमधले सहा घटकांच्या कड्यांचे. दोन्हींचं पहिलं वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनच्या नमुन्यांवरून झालं, पण डोळ्यांत भरणारे नमुने वाघोलीचे.

ओळख आकारापासून सुरू करावी. कॅव्हानसाइट बहुतेकदा घट्ट गोळ्यांत किंवा फुलासारख्या गुच्छांत वाढतो, अनेकदा स्टिल्बाइट या पांढऱ्या किंवा पीचरंगी खनिजावर. पेंटागोनाइटची पाती लांब, सुटी, मोकळ्या झुबक्यात उभी राहिलेली. दहापट भिंगातून पात्याचं टोक सरळ समोरून पाहिलं आणि पाच कोनांचा तारा दिसला, तर तो जुळा (एकमेकांत गुंतून वाढलेला) स्फटिक पेंटागोनाइटचा. तारा दिसला नाही म्हणून मात्र कॅव्हानसाइट ठरत नाही, कारण टोक तुटलेलं असू शकतं. कॅव्हानसाइटही कधी मोकळ्या जुडीसारखा वाढतो. खालचा दगड पाहून तर नाव ठरवूच नये.

शंका उरली तर रामन वर्णपट (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून ओळख) किंवा क्ष-किरण विवर्तन (क्ष-किरणांवरून अणूंची मांडणी शोधणं). मूलद्रव्यं मोजणारी चाचणी इथे निरुपयोगी आहे, दोन्हींचं उत्तर एकच येतं. रामनमध्ये लेसरची शक्ती कमीत कमी ठेवावी. गडद निळा स्फटिक प्रकाश शोषून तापतो आणि त्यातलं पाणी निघून जाऊ शकतं. विवर्तनासाठी भुकटी लागते, ती मागच्या बाजूच्या आधीच तुटलेल्या कणांतूनच घ्यावी. तपासणी होईपर्यंत लेबलवर ‘कॅव्हानसाइट किंवा पेंटागोनाइट, तपासणी बाकी’ असं लिहावं. पेंटागोनाइट दुर्मीळ आणि महाग, म्हणून विक्रेत्याने दिलेलं नाव जसंच्या तसं उतरवणं धोक्याचं. सार्वजनिक संग्रहातलं चुकीचं नाव पुढे लेखांत आणि यादीत पसरतं, मग ते मागे घेणं फार अवघड होतं.

नाव ठरवण्याआधी गोळा खरोखर त्याच दगडावर वाढलाय का, तेही पाहावं. सुटे गोळे स्टिल्बाइटवर चिकटवून विकले जातात. अंधारात अतिनील टॉर्च मारली की बऱ्याच प्रकारचा गोंद फिकट निळसर चमकतो. न चमकणारा गोंदही असतो, म्हणून बुडाशी भिंगाने पाहावं: खऱ्या वाढीत स्फटिक एकमेकांत शिरलेले असतात, चिकटवलेल्यात गुळगुळीत रेघ किंवा बुडबुडे दिसतात.

सांभाळण्याच्या बाबतीत दोघांना एकच नियम. आम्ल अजिबात नको, त्याने सोबतचा कॅल्साइट (चुन्याचं खनिज) विरघळतो आणि झिओलाइटही, म्हणजे स्टिल्बाइट, ह्युलँडाइट यांसारखी पाणी धरून ठेवणारी खनिजं, खराब होतात. अल्ट्रासोनिक यंत्रात ठेवलं तर गोळे बुडापासून सुटतात. हाताने दाबायच्या रबरी फुंकणीने धूळ उडवावी. फारच गरज पडली तर ऊर्ध्वपातित पाण्याची हलकी धार द्यावी आणि सावलीत वाळू द्यावं. तापणारे दिवे जवळ नकोत, कारण स्टिल्बाइट आणि ह्युलँडाइट उष्णतेने पाणी सोडतात, निस्तेज होतात, तडकतात. ओक लाकडाचं कपाटही टाळावं, त्याच्या आम्लयुक्त वाफांनी कॅल्साइटवर पांढरा थर येऊ शकतो.

क्रमांक टाकायचा तो मागच्या बाजूला, मूळ दगडावर, स्फटिकावर कधीच नाही. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा छोटा ठिपका द्यावा, वाळल्यावर रंगद्रव्याच्या शाईने क्रमांक लिहावा, शाई पूर्ण सुकल्यावर वरून त्याच द्रावणाचा एकच हात फिरवावा; दुसऱ्यांदा ब्रश नेला की अ‍ॅसिटोनने खालचा थर मऊ होऊन अक्षरं पसरतात. मागे मिळालेलं जुनं लेबल फेकू नये, त्यावरही तोच क्रमांक घालून जपावं.

नोंदीत फक्त ‘पुणे’ पुरत नाही. गाव, तालुका, जिल्हा, खाण, शक्य तर अक्षांश-रेखांश आणि नमुना खाणीच्या कोणत्या पातळीवर, कोणत्या थरात सापडला, हे सगळं हवं. एकदा खाण बुजवून वर इमारत उभी राहिली की हा तपशील पुन्हा मिळवायला जागाच उरत नाही.