रगल्स तोफखाना, शायलो

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील शायलो रणभूमीवर, डंकन शेताच्या पश्चिमेला असलेले यादवी युद्धातील तोफस्थान. रस्त्याकडेच्या बिडाच्या फलकांनी ते दाखवलेले आहे. ६ एप्रिल १८६२ रोजी दक्षिणेच्या, म्हणजे अमेरिकेच्या संघातून फुटलेल्या राज्यांच्या सैन्याने येथे लावलेली तोफांची रांग ही उत्तर अमेरिकेत तोवर एका ठिकाणी जमलेली सर्वांत मोठी रांग मानली जाते. दक्षिणेचे ब्रिगेडियर जनरल डॅनियल रगल्स यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. मात्र मेजर फ्रान्सिस शूप यांनीही या जमवाजमवीच्या श्रेयावर हक्क सांगितला होता.

त्या दिवशी पहाटे दक्षिणेच्या फौजेने टेनेसी नदीकाठी पिट्सबर्ग लँडिंग येथे तळ देऊन असलेल्या उत्तरेचे सेनापती युलिसिस ग्रँट यांच्या सैन्यावर अचानक हल्ला चढवला. उत्तरेच्या तुकड्या मागे हटत असताना बेंजामिन प्रेंटिस आणि डब्ल्यू. एच. एल. वॉलेस यांचे सैनिक दाट झाडीतल्या एका गाडीवाटेच्या आधाराने टिकून राहिले. गोळ्यांच्या सतत घोंगावण्यामुळे या जागेला ‘गांधीलमाश्यांचे पोळे’ म्हणू लागले. पायदळाचे एकामागून एक हल्ले येथे फसले. दुपारी अडीचच्या सुमारास दक्षिणेचे सरसेनापती अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन दुसऱ्या एका आघाडीवर मारले गेले. पुढच्या काही तासांत निरनिराळ्या तुकड्यांच्या तोफा शेताच्या कडेला ओढून आणल्या गेल्या आणि सुमारे ४५० मीटर अंतरावरून त्यांनी झाडीवर मारा सुरू केला. पोळ्यातील सैनिकांना आधार देणारे उत्तरेचे तोफखाने मागे गेले, दोन्ही बगला उघड्या पडल्या आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास प्रेंटिस यांनी सुमारे २,२०० सैनिकांसह शरणागती पत्करली. तोवर ग्रँट यांना नदीकाठी तोफांची शेवटची फळी उभारण्याइतका वेळ मिळाला होता. रात्रीतून उत्तरेचेच दुसरे सेनापती ब्युएल यांची कुमक आल्यावर ७ एप्रिलला ग्रँट यांनी गमावलेली भूमी परत घेतली.

ही रणभूमी १८९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. फलकांचा मजकूर प्रामुख्याने उद्यानाचे पहिले इतिहासकार डेव्हिड रीड यांनी सिद्ध केला. ते स्वतः बाराव्या आयोवा पलटणीतून याच पोळ्यात लढले होते. त्यांच्या योजनेत ग्रँट यांच्या सैन्याचे फलक निळे, ब्युएल यांच्या सैन्याचे पिवळे आणि दक्षिणेचे तांबडे असून, पहिल्या दिवसाचे फलक चौकोनी, तर दुसऱ्या दिवसाचे लंबगोल आहेत; त्यामुळे अक्षरे वाचण्यापूर्वीच पक्ष आणि दिवस कळतो. ही पद्धत अतिशय विचारपूर्वक आखलेली आहे. तरीही जो जेथे लढला, ती जागा त्याला लढाईचे केंद्र वाटावी, हे स्वाभाविक आहे. रीड यांच्या मांडणीत पोळ्याला मिळालेले मध्यवर्ती स्थान पुढच्या अभ्यासकांनी तपासून पाहिले आणि दोन्ही बगलांवरील झुंज त्याहून घनघोर होती, असे दाखवून दिले. रगल्स यांच्या रांगेतील तोफांचा ६२ हा रूढ आकडाही नंतरच्या मोजणीत पन्नाशीच्या घरात आला. ‘खोलगट वाट’ म्हणून प्रसिद्ध झालेली गाडीवाट प्रत्यक्षात फारशी खोल नव्हती, असेही आता मानले जाते.

आज येथे जुन्या तोफा बिडाच्या गाड्यांवर मांडलेल्या आहेत. त्यांतील पितळी तोफांवर हिरवट गंज चढला आहे. शेत मोकळे राखलेले असल्याने तांबड्या फलकाजवळ उभे राहिल्यास पलीकडच्या झाडीची कड सरळ नजरेच्या रेषेत दिसते.