ब्राझीलच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची जर्सी

ब्राझीलच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची जर्सी : पिवळी जर्सी, तिची हिरवी कॉलर (किंवा गोल गळा) व बाह्यांची हिरवी किनार, निळी चड्डी आणि पांढरे मोजे असा हा गणवेश आहे. १९५४ पासून तो काही अपवाद वगळता सलग वापरात आहे. ब्राझीलमध्ये या जर्सीला लाडाने ‘आमारेलिन्या’ (पिवळुली) म्हणतात. ती घालणारा संघ ‘कानारिन्यो’ (छोटा कॅनरी पक्षी) या नावाने ओळखला जातो. त्याआधीची चाळीस वर्षे संघाचा मुख्य रंग पांढरा होता, हे आज पिवळ्या जर्सीच्या चाहत्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

पांढरा काळ : ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा पहिला सामना २१ जुलै १९१४ रोजी रिओ दि जानेरोत इंग्लंडच्या एक्झेटर सिटी या क्लबाविरुद्ध झाला, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्या वेळी जर्सी पांढरी होती आणि तिच्या बाह्यांवर निळे पट्टे होते. पुढे निळी कॉलर आली. हा नियम मात्र फारसा कडक नसावा. १९१७ च्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यांच्या जर्सींचे रंग जवळचे असल्याने ब्राझीलने लाल जर्सी वापरली. १९१९ मध्ये रिओतील स्पर्धेदरम्यान उरुग्वेचा गोलरक्षक रॉबर्तो चेरी याचा मृत्यू झाला. त्याच्या स्मरणार्थ झालेल्या सामन्यात ब्राझीलचे खेळाडू चेरीच्या पेन्यारोल या क्लबाच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या जर्सीत उतरले. म्हणजे त्या सामन्यात ब्राझीलच्या अंगावर पिवळा रंग चढला तो उरुग्वेच्या एका क्लबाचा. अर्थात आजच्या जर्सीशी त्याचा संबंध जोडण्यास आधार नाही. १९३८ च्या विश्वचषकात पोलंडही पांढऱ्यात असल्याने स्ट्रासबर्गच्या सामन्यात (६-५) ब्राझील निळ्या जर्सीत खेळला.

१९५० चा पराभव व रंगबदल : १६ जुलै १९५० रोजी विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात रिओच्या मारकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले. विश्वविजेतेपदासाठी ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. तिकीट काढून आलेले प्रेक्षकच पावणेदोन लाखांच्या घरात होते. या पराभवाचे खापर गोलरक्षक बार्बोसावर फुटले आणि काही प्रमाणात पांढऱ्या जर्सीवरही. या रंगात देशाची कोणतीच खूण नाही, अशी टीका झाली.

यावरून ‘अपशकुनी पांढरी जर्सी त्याच दिवशी टाकून दिली’ अशी कथा रूढ झाली आहे. ती ऐकायला सोयीची असली तरी घटनाक्रमाशी जुळत नाही. १९५२ मध्ये सांतियागो येथील पॅन-अमेरिकन स्पर्धा ब्राझीलने जिंकली ती पांढऱ्या जर्सीतच, आणि त्या स्पर्धेत उरुग्वेलाही हरवले. १९५३ च्या लीमा येथील दक्षिण अमेरिकी स्पर्धेतही पांढराच रंग होता. पराभव आणि बदल यांत साडेतीन वर्षांहून अधिक अंतर पडते. त्यामुळे १९५० चा पराभव हे एकमेव कारण न मानता, त्याने निर्माण झालेल्या अस्वस्थतेला एका वृत्तपत्राने वाट करून दिली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

स्पर्धा व आल्दिर श्ली : हे वृत्तपत्र म्हणजे रिओचे दैनिक ‘कोरेयो दा मान्या’. त्याने १९५३ मध्ये क्रीडा महासंघाच्या संमतीने नव्या गणवेशासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. अट एकच, पण अवघड होती : राष्ट्रध्वजातील हिरवा, पिवळा, निळा व पांढरा हे चारही रंग वापरले पाहिजेत. अर्ध्या चड्डीच्या खेळात चार रंग बसवणे म्हणजे चित्रकाराची कसोटीच. आल्दिर गार्सिया श्ली (१९३४–२०१८) या १९ वर्षांच्या तरुणाने ती सोडवली. रिओ ग्रांदे दो सुल राज्यात, उरुग्वेच्या सीमेवरील जाग्वारांव या गावी त्याचा जन्म झाला. तो वृत्तपत्रांसाठी चित्रे काढीत असे. चारही रंग एकट्या जर्सीत कोंबले की ते एकमेकांना मारक ठरतात, हे त्याने अनेक आराखडे करून पाहिल्यावर ओळखले. म्हणून त्याने पिवळा व हिरवा वर ठेवला, निळा चड्डीवर नेला आणि तिच्या बाजूने पांढरी उभी पट्टी दिली. उरलेला पांढरा मोज्यांना दिला. चड्डीवरचा निळा पिवळ्याला उठाव देतो, त्यामुळे दूरच्या प्रेक्षकालाही खेळाडू चटकन ओळखता येतो. ही रंगवाटणी पुढच्या कोणत्याही उत्पादकाला मुळापासून बदलावी लागली नाही, यातच तिचे यश आहे.

बक्षिसात पैशांबरोबर त्या वृत्तपत्रात काम शिकण्याची संधी होती. श्ली पुढे लेखक व प्राध्यापक झाला. सीमेवर वाढल्यामुळे आपले मन उरुग्वेच्या संघाकडे ओढते, असे तो उघडपणे सांगत असे. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये ब्राझीलची गाठ नेमकी उरुग्वेशी होती.

रंगांचा अर्थ : हिरवा म्हणजे अरण्ये व पिवळा म्हणजे सोने, हे स्पष्टीकरण शाळेपासून शिकवले जाते. ध्वजांचे अभ्यासक ते उत्तरकालीन मानतात. १८२२ च्या स्वातंत्र्यानंतरच्या साम्राज्याच्या ध्वजात हिरवा हा सम्राट पहिला पेद्रो याच्या ब्रागांझा घराण्याचा, तर पिवळा हा सम्राज्ञी लिओपोल्दिना हिच्या हॅब्सबर्ग-लोरेन घराण्याचा रंग होता. १९ नोव्हेंबर १८८९ रोजी प्रजासत्ताकाने नवा ध्वज स्वीकारला, तेव्हा राजचिन्हे गेली, रंग राहिले. राजघराण्यांचे मूळ स्पष्ट असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य आहे. मात्र श्लीपुढे अट होती ती ध्वजाची. या वादाचा त्याच्या रेखाटनावर परिणाम झाल्याचे दिसत नाही.

पहिला वापर : नवी जर्सी १९५४ च्या विश्वचषक पात्रता फेरीत चिलीविरुद्ध आली, याबद्दल एकमत आहे. फेब्रुवारीअखेर सांतियागोत आणि १४ मार्च रोजी मारकानावर असे दोन सामने झाले. बहुतेक लेखक मार्चमधील सामना पहिला धरतात. मायदेशातले पहिले दर्शन म्हणून ते बरोबर ठरते. त्याच वर्षीच्या विश्वचषकात बर्न येथे हंगेरीने ब्राझीलला ४-२ असे हरवले. सामना हाणामारीने गाजला, पण या वेळी जर्सीला कोणी दोष दिला नाही.

निळी जर्सी (१९५८) : स्वीडनमधील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात यजमानही पिवळ्यात होते आणि ब्राझीलकडे दुसरा गणवेशच नव्हता. रंगाचा निर्णय कसा झाला याची वर्णने थोडी वेगवेगळी आहेत. ब्राझीलने पिवळा सोडला एवढे निश्चित. पांढरा घालायची कोणाची तयारी नव्हती. संघाच्या पदाधिकाऱ्यांनी स्टॉकहोममधील दुकानातून निळ्या जर्सी विकत आणल्या. पिवळ्या जर्सींवरचे बोधचिन्ह व क्रमांक उसवून त्यांवर शिवण्यात आले. पथकप्रमुख पाउलो माशादो दे कार्व्हाल्यो यांनी खेळाडूंना धीर देताना, निळा हा ब्राझीलची रक्षणकर्ती मानल्या जाणाऱ्या अपारेसिदाच्या मेरीमातेच्या वस्त्राचा रंग आहे, असे सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. २९ जून रोजी ब्राझील ५-२ असा जिंकला आणि निळा हा कायमचा दुसरा रंग झाला. याच स्पर्धेत संघाकडून क्रमांकांची यादी न गेल्याने ते बाहेरून ठरवले गेले असे म्हणतात. पेलेला १० क्रमांक मिळाला तो अशा रीतीने. गोलरक्षक जिल्मारच्या पाठीवर ३ होता, यावरून या कथेत तथ्य असावे.

१९७० व नंतर : मेक्सिकोतील विश्वचषक रंगीत दूरचित्रवाणीवर दिसलेला पहिला विश्वचषक होय. जगाच्या स्मरणातील पिवळी जर्सी, गोल हिरव्या गळ्याची, ती हीच. खुद्द ब्राझीलमध्ये नियमित रंगीत प्रक्षेपण १९७२ मध्ये सुरू झाले, त्यामुळे बहुसंख्य ब्राझीलवासीयांनी हा विजय करड्या जर्सीत पाहिला. त्या अंतिम सामन्यातील पेलेची जर्सी २००२ मध्ये लंडनच्या लिलावात १,५७,७५० पौंडांना गेली.

अथलेटा या ब्राझिली कंपनीनंतर आदिदास, टॉपर, अंब्रो आणि १९९६ पासून नायकी असे उत्पादक झाले. नायकीचा करार इतका मोठा होता की पुढे त्याची संसदीय चौकशी झाली. बोधचिन्हातील बदलही बोलके आहेत. १९८२ च्या जर्सीवरील चिन्हात ज्यूल्स रिमे चषक (जुना विश्वचषक) होता व सोबत कॉफीची डहाळी. कॉफी मंडळ प्रायोजक होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८३ मध्ये, खरा चषक रिओतून चोरीला गेला. चिन्हावरचे तारे विजेतेपदांबरोबर वाढत गेले : १९९४ नंतर चार, २००२ नंतर पाच.

राजकीय अर्थ व अलीकडील बदल : २०१५-१६ मधील राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांच्याविरुद्धच्या मोर्चांत आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जाइर बोल्सोनारो यांच्या समर्थकांच्या सभांत पिवळी जर्सी सर्रास दिसू लागली. ८ जानेवारी २०२३ रोजी ब्रासिलियातील सरकारी इमारतींवर चाल करून गेलेल्या जमावातही ती होती. त्यामुळे अनेक ब्राझीलवासी ती घालायला कचरू लागले. काहींनी निळी पसंत केली.

पांढरी जर्सी २००४ मध्ये पॅरिसच्या मैत्रीपूर्ण सामन्याच्या पूर्वार्धात दिसली. १९१९ च्या पहिल्या दक्षिण अमेरिकी विजेतेपदाच्या शताब्दीनिमित्त २०१९ मध्ये बोलिव्हियाविरुद्ध ती पुन्हा आली. ब्राझीलने तो सामना ३-० असा जिंकला, तरी अपशकुनाची कथा मागे हटलेली नाही. जून २०२३ मध्ये बार्सिलोना येथे गिनीविरुद्ध पूर्वार्धात संपूर्ण काळा गणवेश वापरला गेला. ब्राझीलचा खेळाडू विनिसियस जूनियर याच्यावरील वर्णद्वेषी शेरेबाजीचा तो निषेध होता. एप्रिल २०२५ मध्ये २०२६ च्या विश्वचषकासाठी दुसरी जर्सी लाल असणार अशी बातमी फुटताच गदारोळ झाला, कारण ब्राझीलच्या राजकारणात लाल हा डाव्या पक्षांचा रंग आहे. फुटबॉल महासंघाच्या घटनेनुसार गणवेशात ध्वजाचेच रंग असावे लागतात. विशेष प्रसंगी अपवाद चालतो. महासंघाने त्या प्रतिमा अधिकृत नसल्याचे सांगितले आणि दुसरी जर्सी निळीच राहिली.