पिंजऱ्यातला दुसरा गिनीपिग

दोन गिनीपिग असलेल्या घरात एक आजारी पडला की पहिला निर्णय बहुधा ठरलेला असतो: दुसऱ्याला हलवा. आतल्या खोलीत, बाल्कनीत, नाहीतर शेजारच्या मुलांकडे. संसर्ग टळेल, आजाऱ्याला जरा विश्रांती मिळेल, असा साधा हिशेब. माणसाच्या आजारपणात तो चालतो. गिनीपिगच्या बाबतीत मात्र बऱ्याच वेळा अंगाशी येतो.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी त्याला पाळीव केलं, पण कळपाची सवय त्याच्या अंगातून गेली नाही. जर्मनीत प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक नॉर्बर्ट झाक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. गिनीपिग नराला एकट्याने अनोळखी पिंजऱ्यात ठेवलं की त्याच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, झपाट्याने चढतं. त्याच्याशी जोडी जमलेली मादी सोबत असेल तर ते बरंच कमी चढतं. खरी गंमत पुढे आहे. अनोळखी मादी सोबत ठेवली तर काही फरक पडत नाही. नुसती कोणाची तरी सोबत पुरत नाही, आपलं माणूस लागतं! कॉर्टिसोल दीर्घकाळ चढलेलं राहिलं तर प्रतिकारशक्ती मंदावते आणि भूकही मरते, म्हणजे आजाऱ्याला ज्या दोन गोष्टींची सर्वांत जास्त गरज, त्यांवरच घाव. स्वित्झर्लंडने 2008 पासून गिनीपिगला एकटं ठेवायला कायद्यानेच मनाई केली आहे.

भूक मरणं ही इथे किरकोळ बाब नव्हे. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर आपण वाट पाहतो. गिनीपिगचं आतडं सतत चालू राहावं लागतं. गवतातला चोथा त्याच्या भल्यामोठ्या अंधनालात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जिवाणू आंबवतात आणि त्यातून त्याला बरीच ऊर्जा मिळते. वरून अन्न येणं थांबलं की आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. बारा तास काहीच खाल्लेलं नसेल तर दवाखाना गाठायचा, ‘उद्या सकाळी बघू’ म्हणायचं नाही.

आता अडचण अशी, की हा शिकार होणारा प्राणी. दुखणं लपवणं हा त्याचा स्वभाव. त्यात दोघं एका पिंजऱ्यात असले की लपवाछपवी आणखी सोपी होते. वाटी रिकामी दिसते, लेंड्या पडलेल्या दिसतात, फ्रीज उघडला की शिट्ट्याही ऐकू येतात. पण खाल्लं कोणी, लेंड्या कोणाच्या, शिट्टी कोणाची? एक जण दोघांचं खात असेल आणि दुसरा नुसता भांड्याशी तोंड नेऊन बसत असेल, तर चार दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे जोडीदार हे औषधही आहे आणि पडदाही. त्याला न हलवता पडदा तेवढा बाजूला करायचा, ही खरी शुश्रूषा.

त्यासाठी सर्वांत उपयोगी वस्तू स्वयंपाकघरात असते: वजनकाटा. काट्यावर पातेलं ठेवायचं, तळाशी जुना पंचा, काटा शून्यावर आणायचा आणि गिनीपिगला हलकेच आत बसवायचं. कोथिंबिरीची एक काडी दिली की तो तेवढा वेळ स्थिर राहतो. मोठ्या गिनीपिगचं वजन साधारण 700 ते 1200 ग्रॅम भरतं, पण बघायचा तो आकडा नव्हे, फरक. एरवी आठवड्यातून एकदा, आजारपणात रोज एकाच वेळी, आणि दोघांचंही. वजन दहा टक्क्यांनी घटलं तर डोळ्यांना दिसो न दिसो, दुखणं गंभीर आहे.

दोघांमध्ये तारेची जाळी लावली की उरलेलं काम होतं. पिंजरा तोच, वास तोच, नाकाला नाक लागतं, रात्री जाळीला दोन्ही बाजूंनी चिकटून झोपता येतं. पण वाट्या दोन, पाण्याच्या बाटल्या दोन, लेंड्याही वेगळ्या मोजता येतात. एकाचं ऑपरेशन झालं असेल आणि दुसरा टाके चाटत असेल किंवा अंगावर चढत असेल, तेव्हाही जाळीच बरी.

मग संसर्गाचं काय? बहुतेक वेळा दोघांनी एकाच हवेत श्वास घेतलेला असतो, त्यामुळे लक्षणं दिसेपर्यंत वेगळं करण्याची वेळ टळून गेलेली असते. खरूज आणणारा किडा किंवा गजकर्ण असेल तर दोघांवर उपचार हवेतच, नाहीतर एकाचं बरं होऊन दुसऱ्याकडून परत लागतं. गजकर्ण तर आपल्यालाही लागतं, तेव्हा हात धुणं आपल्यासाठी. शिंका, वाहणारं नाक, श्वास घेताना घरघर असेल तर एक प्रश्न जरूर विचारावा: घरात ससा आहे का? बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका हा जिवाणू सशात आणि कुत्र्यात अनेकदा काही त्रास न देता राहतो, गिनीपिगला मात्र त्याच्यामुळे न्यूमोनिया होतो. दुकानात ससे आणि गिनीपिग एकाच खोक्यात ठेवतात ते पाहून म्हणूनच पोटात गोळा येतो.

घरातल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावू नये. उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून पाजणं हा गिनीपिगला मारायचा अगदी खात्रीचा उपाय. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतात, मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो, आणि त्याच्या विषाने प्राणी काही दिवसांत दगावतो. पेनिसिलिन गिनीपिगला घातक ठरतं हे 1943 मध्येच नोंदलं गेलं. 1940 मध्ये ऑक्सफर्डला पेनिसिलिनची पहिली मोठी परीक्षा उंदरांवर झाली. तिथे गिनीपिग वापरले असते तर कदाचित हे औषध विषारी म्हणून बाजूलाच पडलं असतं. त्यामुळे डॉक्टरांनी औषध लिहून दिलं तरी विचारायला संकोच करू नये: “डॉक्टर, हे गिनीपिगला चालतं ना?” आपल्या गोव्यात डॉक्टरांपुढे येतात ते मुख्यतः कुत्री, मांजरं आणि गुरं. हा प्रश्न ऐकून चांगला डॉक्टर रागावत नाही.

भरवणं मात्र घरीच करावं लागतं. त्याच्या नेहमीच्या खाद्याच्या गोळ्यांचा (औषधाच्या नव्हे) कोमट पाण्यात पातळ लगदा करायचा आणि सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरायचा. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंज घालायची. एका वेळी अर्धा मिलिलिटर, मग थांबायचं. तो चावतो, गिळतो, मग पुढचा घास. समोरून जोरात पिचकारी मारली तर लगदा फुप्फुसात जातो. पंच्यात गुंडाळून मांडीवर घ्यावं आणि जोडीदाराला शेजारी गवत खात बसू द्यावं. सोबत्याच्या तोंडाचा कुरकुर आवाज ऐकून आजारी स्वतःच काडी ओढू लागल्याचं पाळणारे अनेकदा सांगतात.

क जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. माणसाप्रमाणे गिनीपिगलाही ते शरीरात बनवता येत नाही. 1907 मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक हे दोघे संशोधक खलाशांना होणाऱ्या बेरीबेरी या आजाराचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य आणि पाव खायला घातला, आणि झाला तो स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार! पुढे क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट इथूनच निघाली. निरोगी गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं, आजाऱ्याला त्याहून जास्त. सांधे आखडून जागेवर बसून राहणं, केस राठ होणं, हिरड्यांतून रक्त येणं ही कमतरतेची लक्षणं. गोव्यात याचा उपाय परसातच लटकत असतो. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, म्हणजे 15 ग्रॅमची छोटी फोड दिवसाला बास. जास्त दिली तर साखर पोटात जाते. पेरू नसेल तेव्हा ढोबळी मिरची. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात मिसळू नयेत: उजेडात ते लवकर निकामी होतात, आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो. तांबडी भाजी घरात रोज असते, तरी त्याला रोज नको, तिच्यात मुतखडे करणारं ऑक्झलेट फार.

आपल्याकडच्या हवेचं दुखणं निराळंच. पावसाळ्यात गवताच्या फोडलेल्या पिशवीला आठवड्याभरात बुरशीचा वास येऊ लागतो, आणि तीच बुरशी नाकातोंडात जाते. हवाबंद डब्यात थोडं थोडं काढून ठेवलेलं बरं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत पारा तिशीपार गेला की या प्राण्याला घाम येत नसल्याने उष्माघात होतो. तोंडातून लाळ, धापा, आडवं पडणं दिसलं की साध्या पाण्याने ओला केलेला पंचा कानांना आणि पायांना लावत दवाखाना गाठायचा. बर्फाचं पाणी ओतायचं नाही. चवथीला पणजी-पर्वरीचे फ्लॅट बंद होतात आणि पिंजराही गावच्या घरी जातो. प्रवास, फटाके, पाहुण्यांची पोरं. आजारी असेल तर अशा वेळी जोडीतला एकटाच नेऊ नये. न्यायचे तर दोघांना, नाहीतर दोघांनाही मागे ठेवून घरात माणूस ठेवावा. दवाखान्यातही एकाच खोक्यातून दोघांना नेता येतं. फक्त मारामारीने जखमा झाल्या असतील तर नाही.

बरा झाल्यावर जाळी काढण्याची घाई करू नये, विशेषतः दोघं नर असतील तर. दवाखान्याचा आणि औषधाचा वास अंगावर असेपर्यंत जोडीदार त्याला परका समजू शकतो. कोणाचाच हक्क नसलेल्या जागी, म्हणजे धुतलेल्या फरशीवर, गवताचा मोठा ढीग मधोमध टाकून दोघांना सोडावं. हुंगणं, घुरघुरणं, मागे मागे फिरणं हे सगळं चालतं. दात वाजू लागले आणि मानेवरचे केस उभे राहिले तर मध्ये टॉवेल टाकायचा, हात नाही. खाऊ लागले तर जाळी काढलेल्या पिंजऱ्यात परत ठेवावं, वाट्या मात्र पुढचे काही दिवस दोनच असू द्याव्यात.