एक मुलगी, दोन संघ : शालेय आणि क्लब चिअरलीडिंगमधल्या ओढाताणीची पार्श्वभूमी

चिअरलीडर म्हटले की आपल्याला २००८ सालची पहिली आयपीएल आणि चौकार-षटकारांनंतर सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या परदेशी मुली आठवतात. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलीच्या लेखी या शब्दाचा अर्थ बराच निराळा असतो, आणि तिथे तो एक नसून दोन आहेत. पहिला अर्थ शाळेच्या संघाचा. हा संघ शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलच्या (तिकडे 'फुटबॉल' म्हणतात तो हाच) मैदानाकडेला आणि हिवाळ्यात बास्केटबॉलच्या कोर्टाशेजारी उभा राहून शाळेच्या नावाने घोषणा देतो. दुसरा अर्थ खासगी जिमच्या क्लब संघाचा. त्याला तिकडे 'ऑल-स्टार' म्हणतात. हा संघ कोणाच्याही सामन्याला जात नाही. अडीच मिनिटांची एक रुटीन महिनोन् महिने घोटून ती परीक्षकांपुढे सादर करणे एवढेच त्याचे काम असते. जिला दोन्ही हवेसे वाटते तिचा आठवडा दोन प्रशिक्षकांत वाटला जातो. वेळापत्रक नीट बसवले की हा गुंता सुटेल, असे पालकांना सुरुवातीला वाटत असते. पण या दोन्ही उपक्रमांचा इतिहास पाहिला, तर गुंता वेळापत्रकाच्या आधीपासूनचा आहे हे ध्यानात येते.

सुरुवात पुरुषांपासून झाली. प्रिन्स्टनमध्ये सामन्याच्या वेळी एकसुरात घोषणा देण्याची पद्धत होती. तिथला पदवीधर थॉमस पीबल्स याने १८८४ च्या सुमारास ती मिनेसोटा विद्यापीठात नेली. पुढे त्याच विद्यापीठात, नोव्हेंबर १८९८ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात, जॉनी कॅम्बेल नावाचा विद्यार्थी गर्दीसमोर उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडून घोषणा म्हणवून घेतल्या. संघ त्या हंगामात सारखा हरत होता आणि प्रेक्षकांत जीव आणायला कोणीतरी हवे होते, एवढेच निमित्त. चिअरलीडिंगचा जन्म याच प्रसंगातून झाला असे मानतात. या जन्मकथेत सामना दुसऱ्याचा आहे आणि चिअरलीडर त्याच्या बाजूला उभा आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण शाळेच्या संघाचे स्वरूप आजही मुळात तेच आहे. मिनेसोटात १९२३ साली मुलींना चिअरलीडिंगमध्ये प्रवेश मिळाला. दुसऱ्या महायुद्धात मुले सैन्यात गेल्यावर देशभर मुलींची संख्या वाढली आणि त्यानंतर हे क्षेत्र मुलींचेच झाले.

या सगळ्याला व्यवसायाचे रूप दिले ते लॉरेन्स हर्किमर या डलासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातल्या माजी चिअरलीडरने. १९४८ मध्ये त्याने टेक्सासमधल्या हंट्सव्हिल येथे पहिले प्रशिक्षण शिबिर भरवले. त्याला ५२ मुली आणि १ मुलगा आला. पुढच्या वर्षी हा आकडा साडेतीनशेच्या घरात गेला. नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन, म्हणजे एनसीए, ही संस्था त्यातूनच उभी राहिली. (विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेचे लघुनाम एनसीएए असे मिळतेजुळते असल्यामुळे नवख्या पालकांचा इथे हमखास घोटाळा होतो.) शिबिराला आलेल्या मुलींना गणवेश लागत, स्वेटर लागत, हातात धरायला रंगीत झिरमिळ्यांचे गोंडे लागत; हर्किमर ते सगळे विकू लागला आणि १९७१ मध्ये त्याने पॉम-पॉमचे पेटंटही मिळवले. एक पाय सरळ आणि दुसरा मागे दुमडून मारायच्या उडीला आजही त्याच्या नावावरून 'हर्की' म्हणतात.

हर्किमरच्याच संस्थेत काम केलेला जेफ वेब १९७४ मध्ये बाहेर पडला आणि त्याने युनिव्हर्सल चिअरलीडर्स असोसिएशन, म्हणजे यूसीए, स्थापन केली. वेबला घोषणांपेक्षा कसरतींत आणि सादरीकरणात रस होता. एकमेकींच्या हातांवर उभे राहणे, उंच फेकणे आणि झेलणे, मैदानावर कोलांट्या मारणे या गोष्टी शिबिरात शिकवल्या जाऊ लागल्या. मग शिकलेले दाखवायला जागा हवी झाली, म्हणून स्पर्धा आल्या. यूसीएची हायस्कूलसाठीची राष्ट्रीय स्पर्धा १९८० मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांतच ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर दिसू लागली. माझ्या मते आजच्या ओढाताणीचे बीज इथे पडले. गर्दीला उठवणे हे ज्या संघाचे काम होते, त्याच संघाला आता गर्दीकडे पाठ फिरवून परीक्षकांना खूश करायचे होते. शिवाय शिबिर, गणवेश आणि स्पर्धा हे तिन्ही धंदे एकाच घरातले असल्यामुळे अवघडातल्या अवघड कसरतीला मागणी राहणार, हे उघड होते.

ही कसरत शाळेत शिकवणार कोण? शाळेच्या संघाची प्रमुख बहुधा तिथलीच एखादी शिक्षिका असे, आणि किरकोळ मानधनावर हे जादा काम सांभाळी. बॅक हँडस्प्रिंग म्हणजे मागे झेप घेऊन हातांवर पलटी मारणे किंवा हवेत पूर्ण गिरकी घेणे, हे शिकवायला जिम्नॅस्टिक्सचे शिक्षण हवे आणि मऊ गाद्या हव्यात. म्हणून मुली संध्याकाळी खासगी जिममध्ये जाऊ लागल्या. थोड्याच काळात जिमच्या मालकांच्या लक्षात आले, की वेगवेगळ्या शाळांतल्या निवडक मुली आपल्याकडे आयत्याच जमल्या आहेत. मग त्यांचाच संघ का करू नये? 'ऑल-स्टार' हे नाव यातूनच आले. एनसीएने १९८७ मध्ये अशा शाळाबाह्य संघांसाठी आपल्या स्पर्धेत वेगळा गट केला. म्हणजे क्लब संघ शाळेशी स्पर्धा करायला निघालाच नव्हता. शाळेच्या संघाची पूरक शिकवणी म्हणून तो सुरू झाला, आणि शिकवणीच पुढे शाळेपेक्षा मोठी झाली. दहावी-बारावीच्या क्लासेसचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सुरुवातीला प्रत्येक स्पर्धेचे आयोजक आपापले नियम लावत. २००३ मध्ये युनायटेड स्टेट्स ऑल स्टार फेडरेशन स्थापन झाली आणि तिने वयोगट आणि कौशल्य यांनुसार पातळ्या आखून दिल्या : पहिल्या पातळीवर साधी कोलांटी आणि कमरेच्या उंचीचा स्टंट (म्हणजे एकीला इतरांनी हातांवर उचलून धरणे), वरच्या पातळ्यांवर दुहेरी गिरक्या आणि उंच फेकी. २००४ पासून ऑर्लँडो येथे 'वर्ल्ड्स' ही जागतिक स्पर्धा भरू लागली. तिथे थेट नाव नोंदवून जाता येत नाही. हंगामातल्या ठराविक स्पर्धांत 'बिड', म्हणजे तिथल्या प्रवेशाचे निमंत्रण, मिळवावी लागते. काही बिडमध्ये प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळतो, काहींत फक्त प्रवेश. एखादीच्या शाळेचा कार्यक्रम त्या शनिवारी आला, तर पणाला वीस-पंचवीस जणींचे वर्ष लागते, हे क्लबचा प्रशिक्षक ऐकवतो तेव्हा तो अतिशयोक्ती करत नसतो.

यामागे एक कायदेशीर पदरही आहे. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा टायटल नाइन हा कायदा १९७२ चा. १९७५ मध्येच केंद्रीय यंत्रणेने स्पष्ट केले होते, की चिअरलीडिंग हा अवांतर उपक्रम आहे, खेळ नाही. हा वाद न्यायालयात गाजला तो कनेक्टिकटमधल्या क्विनिपियाक विद्यापीठामुळे. विद्यापीठाने २००९ मध्ये मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्या जागी स्पर्धात्मक चिअरलीडिंग आणायचे ठरवले. खेळाडू न्यायालयात गेल्या. २०१० मध्ये न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी निर्णय दिला, की हा प्रकार अजून इतका विस्कळीत आणि अविकसित आहे की त्याला विद्यापीठीय खेळ मानता येणार नाही. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला.

हायस्कूल पातळीवर प्रत्येक राज्याने आपली वाट धरली. मिशिगनने १९९४ पासून मुलींच्या स्पर्धात्मक चिअरची राज्य अंतिम फेरी खेळ म्हणून घ्यायला सुरुवात केली. टेक्सासने जानेवारी २०१६ मध्ये राज्य स्पर्धा सुरू केली, पण तिथे गुण आहेत ते सामन्यातल्या प्रसंगाला साजेशी घोषणा, बँडच्या तालावरचे नृत्य आणि शाळेचे स्फूर्तिगीत यांना. म्हणजे शाळेच्या संघाला मुद्दाम त्याच्या मूळ कामाकडे वळवले गेले. टेक्सासचा हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, कारण निदान तिथे दोन संघ एकाच गोष्टीसाठी भांडत नाहीत.

खेळ की उपक्रम हा वाद वरवर शब्दांचा वाटतो. त्याचा परिणाम मात्र मुलींच्या आठवड्यावर होतो. शालेय खेळांना साधारणपणे ठरलेला हंगाम असतो, सरावाला मर्यादा असतात, आणि हंगाम चालू असताना बाहेरच्या क्लबकडून खेळायला अनेक राज्यांत बंधने असतात. त्यामुळे दोन प्रशिक्षकांच्या हक्कांत नियमच भिंत घालतो. जिथे चिअरलीडिंग उपक्रम म्हणून गणले गेले, तिथे ही भिंत उभीच राहिली नाही. मे महिन्यातल्या निवडीपासून पुढच्या मे महिन्यापर्यंत दोन्हीकडचे काम चालू राहते आणि एकूण किती तास होतात ते कोणीच मोजत नाही.

दुखापतींनी ही दरी आणखी रुंदावली. अमेरिकेत चिअरलीडिंगच्या दुखापतींमुळे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येणाऱ्यांची संख्या १९८० मध्ये ४,९५४ होती. २००७ मध्ये ती २६,७८६ झाली. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने २०१२ मध्ये चिअरलीडिंगला खेळाचा दर्जा द्यावा अशी शिफारस केली ती याच चिंतेतून, म्हणजे प्रशिक्षित मार्गदर्शक, वैद्यकीय तपासणी आणि सरावाची मर्यादा आपोआप लागू व्हावी म्हणून. दरम्यान शाळांनी हात आखडता घेतला. हायस्कूलमध्ये मनोऱ्याला दोनच थर चालतात. गाद्यांशिवाय बास्केटबॉल कोर्टावर उंच फेकीला मनाई आली. क्लबच्या स्पर्धा मात्र स्प्रिंग बसवलेल्या ५४ बाय ४२ फुटांच्या तळावर होतात. सहा-सहा फुटांच्या नऊ पट्ट्यांचा हा तळ उडी मारणारीला वर ढकलतो. तीच मुलगी शाळेत साध्या गादीवर, डांबरी ट्रॅकवर किंवा ओल्या गवतावर उतरते, तेव्हा तिच्या घोट्यांना हा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो. त्यामुळे जिममध्ये जमलेली गिरकी शाळेत मारू नकोस, असे क्लबचा प्रशिक्षक बजावतो. आणि जमते तर मारत का नाहीस, असे शाळेतल्या मैत्रिणी विचारतात.

गैरहजेरी इथे एवढी का खुपते, हे समजायला एक स्टंट जवळून पाहावा लागतो. चौघी जणी लागतात. दोन बेस, म्हणजे खालून उचलणाऱ्या, समोरासमोर, गुडघे किंचित वाकवून, हातांची ओंजळ छातीशी. पाठीमागे बॅकस्पॉट, जी वर गेलेल्या मुलीचे घोटे धरते आणि काही चुकले तर तिचे डोके-खांदे आधी झेलते. आणि वर फ्लायर. मोजणी सुरू होते, बसणे, उसळणे, आणि सातव्या-आठव्या मात्रेला फ्लायरचे गुडघे ताठ. दहीहंडीच्या सरावात खालच्या थरातला एक गडी आला नाही तर दुसरा उभा करता येतो. इथे चौघींपैकी एक नसेल तर उरलेल्या तिघींचा सराव त्या दिवशी जवळजवळ बुडतो, कारण पकड, उंची आणि वेळ एकमेकींच्या अंगवळणी पडलेली असते. चौघींच्या आया मग एकमेकींना मेसेज पाठवत बसतात.

आता वर्षाचा क्रम पाहावा. वसंतात, मार्च ते मे या काळात, शाळेची आणि क्लबची निवड चाचणी थोड्याफार अंतराने होते. शाळा पालकांपुढे हजेरीची नियमावली ठेवते, जिला कित्येक ठिकाणी चक्क 'कॉन्स्टिट्यूशन' म्हणतात; क्लब आपला करार पुढे करतो. दोन्हींवर सह्या होतात तेव्हा स्पर्धांच्या सगळ्या तारखा अजून जाहीर झालेल्या नसतात. ऑगस्टमध्ये फुटबॉल सुरू होते, नोव्हेंबर-डिसेंबरपासून क्लबच्या स्पर्धा. जानेवारीत एनसीएची डलासमधली शालेय राष्ट्रीय स्पर्धा, फेब्रुवारीत यूसीएची ऑर्लँडोमधली. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला क्लब संघांची डलासची मोठी स्पर्धा, आणि एप्रिलअखेर वर्ल्ड्स. बास्केटबॉल या सगळ्याच्या मधोमध. टेक्सास किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांत यात रविवारची मराठी शाळाही येते, आणि बहुधा पहिली माघार तीच घेते.

यावर जिमनी आणि शाळांनी आपापल्या परीने तोडगे काढले आहेत. अनेक शाळांत सराव दिवसाच्या तासिकेतच उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी राहते. काही ठिकाणी शाळेचा संघ क्लबच्याच जिममध्ये जागा भाड्याने घेतो. बरेच क्लब शुक्रवारी सराव ठेवतच नाहीत, कारण शुक्रवारची रात्र फुटबॉलची, हा हक्क ऑल-स्टारपेक्षा कितीतरी जुना आहे. अडचण येते ती शाळेचा फुटबॉल संघ बाद फेरीत पोहोचला की. मग सामना तीन तासांच्या अंतरावरच्या गावी जातो, कधी शनिवारवर ढकलला जातो, आणि संघ जिंकत राहिला तर डिसेंबरपर्यंत चालतो. त्याच शनिवारी क्लबची पहिली बिडची स्पर्धा असते. मैदानाकडेला उभी असलेली मुलगी घसा कोरडा होईस्तोवर संघाच्या विजयासाठी ओरडत असते, आणि चौथ्या सत्राची शेवटची मिनिटे उरली असताना एक डोळा गुणफलकाकडे ठेवून मनातल्या मनात शनिवारचा हिशेब करत असते.