एमआरआयमध्ये मंत्रचळ दिसतो का?

बाहेर पडताना गॅस बंद आहे ना, हे बघायला स्वयंपाकघरात एक चक्कर सगळेच मारतात. पण कॉकचा मोबाइलवर फोटो काढायचा, जिन्यात तो दोनदा बघायचा आणि तरीही कुलूप उघडून परत आत जायचं, ही गोष्ट वेगळी. कॉक बंद असल्याचं त्या माणसाला दिसत असतं, पटतही असतं. फक्त ‘झालं एकदाचं’ असं आतून वाटत नाही. ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असलेले बरेच जण हेच सांगतात: कळतं पण वळत नाही.

हे ‘वळणं’ मेंदूत कुठे अडतं? डोळ्यांच्या खोबणीच्या अगदी वर ऑर्बिटोफ्रंटल भाग असतो. काहीतरी चुकलंय ही कुणकुण लागण्यात त्याचा मोठा वाटा. तिथून संदेश मेंदूच्या खोल भागातल्या कॉडेटकडे, पुढे पॅलिडम आणि थॅलॅमसमार्गे परत कपाळामागे येतात. ओसीडीत हे चक्र गरजेपेक्षा जास्त धावत असतं. १९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना फ्लुओक्सेटिन हे औषध दिलं, तर काहींना औषधाविना केवळ वर्तन-उपचार, म्हणजे धाकधूक झाली तरी परत न तपासण्याचा सराव. ज्यांना गुण आला, त्यांच्या उजव्या कॉडेटमधला ग्लुकोजचा वापर, म्हणजे तिथली धावपळ, दोन्ही गटांत घटला होता! नुसत्या सरावाने मेंदूचं काम बदलतं, हे इतकं स्वच्छ क्वचितच दिसलं असेल.

हे झालं कामाचं. रचनेचं काय? इथे बराच काळ सावळा गोंधळ होता. वीस-तीस रुग्णांचे छोटे अभ्यास. कुणाला कॉडेट मोठा दिसे, कुणाला लहान, कुणाला नेहमीसारखाच. मग एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने अनेक देशांतले स्कॅन एकत्र केले. आपल्या बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचाही त्यात सहभाग आहे. २०१७ साली १,८३० रुग्ण आणि १,७५९ निरोगी व्यक्तींची तुलना प्रसिद्ध झाली. प्रौढ रुग्णांत पॅलिडम सरासरीने किंचित मोठा आणि हिप्पोकॅम्पस (आठवणींशी निगडित भाग) किंचित लहान निघाला. औषध न घेणाऱ्या मुलांत थॅलॅमस मोठा. आणि ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, तो कॉडेट? त्याच्या आकारात दखल घ्यावी असा फरक सापडलाच नाही.

‘किंचित’ हा शब्द इथे जपून वाचायचा. प्रौढांमधला फरक इतका बारीक आहे की रुग्ण आणि निरोगी लोकांचे आलेख ९० टक्क्यांहून जास्त एकमेकांवर बसतात. शिवाय तो औषधं घेणाऱ्यांत अधिक ठळक होता. म्हणजे औषधांनी मेंदू बिघडला असं नव्हे (कृपा करून गोळ्या बंद करू नका). आजार तीव्र असेल त्यालाच बहुधा औषध दिलं जातं, त्यामुळे कशाचा परिणाम कोणता, हे एकाच वेळच्या स्कॅनवरून सुटं करता येत नाही. २०२० मध्ये याच गटाने संगणकाला स्कॅन देऊन रुग्ण ओळखायला लावले. त्याची मजल छापा-काट्याच्या फारशी पुढे गेली नाही.

त्यामुळे ‘स्कॅन करून ओसीडीचं निदान’ असं कुणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेवा. लक्षणं उतारवयात अचानक सुरू झाली किंवा सोबत फिट येत असतील, तर डॉक्टर एमआरआय सांगतात, पण तो दुसरं काही नाही ना हे बघायला. ओसीडीचं निदान समोर बसवून, प्रश्न विचारूनच होतं: कोणते विचार येतात, ते टाळायला काय करावं लागतं, आणि यात दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ जातो का?