ओल्ड-टाइम फिडल-धुना : पाठभेद आणि नामसाम्य

अमेरिकेतील ॲपलेशियन डोंगराळ मुलुखात आणि दक्षिणेकडील राज्यांत नाचाच्या साथीला वाजवल्या जाणाऱ्या जुन्या लोकधुनांना ‘ओल्ड-टाइम’ धुना म्हणतात. वाद्य व्हायोलिनच, पण तिथे त्याला फिडल म्हणतात. या धुना मुख्यतः कानावरून उचलल्या गेल्या. त्यामुळे एकच धून गावागणिक नाव बदलते आणि एकाच नावाखाली एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या धुना सापडतात. त्यांचा माग काढणे हे पाठभेद जुळवण्याचेच काम, फक्त मूळ पोथी इथे बहुधा नसते.

‘ब्लॅकबेरी ब्लॉसम’चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. आज या नावाने सर्रास वाजते ती धून टेनेसीचे फिडलर आर्थर स्मिथ यांच्या १९३०च्या दशकातील ध्वनिमुद्रिकेमुळे पसरली. केंटकीतल्या ॲशलंडचे अंध वादक एड हेली याच नावाने वाजवत ती धून साफ निराळी. तिच्याशी जनरल (पुढे राष्ट्राध्यक्ष) गारफील्ड यांची दंतकथा चिकटलेली असल्याने तिला ‘गारफील्ड्स ब्लॅकबेरी ब्लॉसम’ असेही म्हणतात. आयर्लंडमध्ये याच नावाचा रील, म्हणजे जलद नाचाची धून, आहे, तो तिसरा. ‘लॉस्ट इंडियन’ची गत तर याहून बिकट आहे.

उलट प्रकारही तितकाच आढळतो. स्कॉटलंडमधील ‘लॉर्ड मॅकडोनल्ड्स रील’ अमेरिकेत ‘लेदर ब्रिचेस’, म्हणजे कातडी विजार, झाला. ‘मिस मॅक्लाउड्स रील’ला ‘हॉप हाय लेडीज’ हे नाव मिळाले. लॉर्ड आणि मिस मागे पडल्या, कारण तिथे त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. काही नावे नाचताना म्हटल्या जाणाऱ्या छोट्या कडव्यांतून आली. ‘एट्थ ऑफ जानेवारी’ हे नाव १८१५च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईच्या तारखेवरून पडले.

नाव हा या प्रांतातला सर्वांत कच्चा साक्षीदार. त्याहून भरवशाच्या खुणा धुनेतच असतात. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात : वरच्या तारांवरचा ‘फाइन’, म्हणजे बारीक, आणि खालच्या तारांवरचा ‘कोर्स’, म्हणजे भरड. प्रत्येक भाग साधारणपणे दोनदा वाजतो. एका मुलुखातला वादक बारीक भागाने सुरुवात करतो, दुसरा भरड भागाने, आणि केवळ सुरुवातीवरून धून ओळखू पाहणारा फसतो. कुठे एखादी मात्रा जास्त किंवा कमी असते. अशा धुनेला ‘क्रुकेड’, म्हणजे वाकडी, म्हणतात. ही चूक नव्हे, अनेकदा तीच त्या घराची सही असते.

तारा कशा लावल्या आहेत, हीदेखील मोठी खूण. चार तारा नेहमीच्या जी-डी-ए-ई या (पाश्चात्त्य) स्वरांऐवजी ए-ई-ए-ई अशा लावल्या की ‘ए’ला षड्ज धरून सा-प-सा-प होते. आपल्याकडच्या व्हायोलिनवादकांना हे नवे वाटणार नाही. ‘बोनापार्ट्स रिट्रीट’साठी डी-डी-ए-डी, म्हणजे सा-सा-प-सा, अशा तारा लावतात आणि सर्वांत खालची तार बॅगपाइपसारखी घुमत राहते.

हीच धून एक पाठ बाकीच्यांना कसा झाकून टाकतो ते दाखवते. अनेक वादक ती संथ, कूच करणाऱ्या फौजेच्या चालीने वाजवतात. केंटकीचे विल्यम स्टेप ती भरधाव वाजवत. १९३७ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक ॲलन आणि एलिझाबेथ लोमॅक्स यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी त्यांचे वादन ध्वनिमुद्रित केले आणि रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी त्याचे स्वरलेखन केले. अमेरिकी संगीतकार ॲरन कोपलंड यांनी १९४२च्या ‘रोडिओ’ बॅलेतील ‘हो-डाउन’मध्ये तोच पाठ घेतला. आज जगभर ओळखीचा आहे तो एका माणसाच्या हातचा हा पाठ.

पेन्सिल्वेनियात धुना गोळा करणारे सॅम्युएल बेयार्ड यांनी ‘धूनकुळा’ची कल्पना मांडली : सुरावटीतील सातत्याने दिसणाऱ्या साम्यावरून एका मूळ चालीपासून उतरल्या असाव्यात अशा धुनांचे कूळ. कल्पना उपयोगी, पण निसरडी. एवढ्या छोट्या चालींत साम्य योगायोगानेही येते.

म्हणून संग्राहक धुनेच्या नावापुढे ती कोणाकडून मिळाली हे लिहितात. फिडलर आणि संग्राहक ॲलन जबूर यांनी १९६०च्या दशकात व्हर्जिनियातील ग्लेन लिनचे वृद्ध फिडलर हेन्री रीड यांच्याकडून ‘ओव्हर द वॉटरफॉल’ घेतली. नव्या पिढीत ती इतकी फैलावली, की आता नवशिक्यांच्या हातात ती लवकरच पडते आणि रीड यांचे नाव अनेकांना ठाऊकही नसते.